नाटकाचे फोटो : तिसऱ्या घंटेआधी काय करायचं?

प्रश्न : आमच्या संस्थेचं नाटक राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आहे. मागच्या प्रयोगाचे फोटो मीच काढले, पण स्पॉटखालचे चेहरे पांढरेफटक आले. कॅमेरा साधा डीएसएलआर आहे, सोबत आलेली १८-५५ ची लेन्स आहे. कुठे चुकलं? — एक वाचक, कराड

उत्तर : चूक उजेडाच्या मोजणीत आहे. नाटकाच्या फोटोत चौकटीचा बराचसा भाग काळे पडदे आणि अंधार यांनीच भरलेला असतो. कॅमेरा सगळ्याची सरासरी काढतो, उजेड फार कमी आहे असं धरून चालतो आणि अंधार उजळायला जातो. त्यात चेहरा जळतो. एकदा जळलेला चेहरा संगणकावर परत आणता येत नाही. थोडा काळपट आलेला मात्र नंतर उजळता येतो. म्हणून मॅन्युअल मोड लावा, मीटरिंग 'स्पॉट'वर, म्हणजे चौकटीतल्या एका छोट्या भागापुरतं, ठेवून नटाच्या गालावर मोजणी घ्या आणि फोटो 'रॉ'मध्ये (कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा.

सुरुवातीला पूर्ण प्रकाशाच्या प्रवेशासाठी एफ २.८ (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितकं ते मोठं), शटर १/२०० सेकंद, आयएसओ १६०० (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) हे आकडे धरा आणि चेहरा पाहून खालीवर करा. तुमची लेन्स ५५ वर एफ ५.६ पर्यंतच उघडते. म्हणजे उजेड एक चतुर्थांश, आणि तोच फोटो मिळायला आयएसओ ६४०० लागेल. दाणे दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला येत नाही. पुढेमागे ५० मिलिमीटरची एफ १.८ ची लेन्स जरूर घ्या, नाटकासाठी एवढ्या कमी पैशांत एवढं कामाचं दुसरं काही मिळत नाही. ती एफ २.२ वर ठेवून आठ मीटरवरून फोटो काढला तर साधारण सव्वादोन मीटर खोलीतलं सगळं स्पष्ट येतं, म्हणजे पुढेमागे उभे असलेले दोन नट सहज बसतात.

व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरा कशाला धरायचं ते ठरवणारं सेटिंग) 'ऑटो'वर नको. प्रकाशयोजनाकाराने संध्याकाळ दाखवायला अंबर (पिवळसर केशरी प्रकाश) टाकलेला असतो, कॅमेरा तो 'सुधारून' पांढरा करतो. हॅलोजनचे दिवे असतील तर ३२०० केल्विनवर पक्का करा.

तिसऱ्या घंटेआधी चार गोष्टी बंद करा : फ्लॅश, बीप, फोटो काढल्यावर पडद्यावर दिसणारं चित्र आणि फोकसला मदत करणारा छोटा दिवा. हा शेवटचा हमखास विसरतो. अंधूक प्रवेशात त्याचा झोत थेट नटाच्या डोळ्यांवर पडतो आणि त्याची एकाग्रता जाते. ब्लॅकआउटमध्ये कॅमेऱ्याचा पडदा उघडूही नका. त्या काही सेकंदांत नट अंदाजाने जागा घेत असतात आणि प्रेक्षागृहातला एक उजळ चौकोन सगळ्यांना दिसतो.

जागा सहाव्या ते आठव्या रांगेतली, कडेची. पहिल्या रांगेतून नटांच्या नाकपुड्या दिसतात आणि पावलं रंगमंचाच्या कडेमागे जातात. परीक्षकांच्या समोर किंवा शेजारी बसू नका. स्पर्धेत फोटोला परवानगी आहे का, हे केंद्रावर आधीच विचारून घ्या. नसेल तर सगळं काम रंगीत तालमीतच उरकायचं. आमच्या मते ते परवानगी असली तरीही तिथेच करावं.

प्रश्न : मिररलेस कॅमेऱ्याचं सायलेंट शटर वापरलं, तर एलईडी दिव्यांत फोटोंवर आडवे पट्टे आले. लाल-निळ्या प्रवेशात तर चेहऱ्याचा नुसता रंगीत गोळा झाला. — एक वाचिका, फोंडा

उत्तर : या दोन वेगळ्या अडचणी आहेत. एलईडी दिवा मंद करतात तेव्हा बहुतेकदा तो खरोखर मंद होत नाही, फार वेगाने चालू-बंद होत राहतो. डोळ्याला ते कळत नाही. सायलेंट शटर मात्र चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतं, त्यामुळे काही ओळी दिवा चालू असताना वाचल्या जातात आणि काही बंद असताना. तेच पट्टे. मेकॅनिकल शटर (नेहमीचं, आवाज करणारं) लावा आणि वेग १/१२५ किंवा त्याहून कमी ठेवा. आवाजाची काळजी वाटत असेल तर संगीत, हशा किंवा टाळी येईल तेव्हा बटण दाबा.

गोळा होतो कारण शुद्ध लाल प्रकाशात कॅमेऱ्याच्या तीन रंगांपैकी एकच भरतो, तोही काठोकाठ. गालाचा उंचसखलपणा दाखवायला दुसरे दोन रंग उरतच नाहीत. आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरव्या, निळ्या उजेडाचा कॅमेऱ्यातला आलेख) पाहा, लाल रेघ उजव्या कडेला चिकटली असेल तर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा करा. असे फोटो कृष्णधवल केले की पुष्कळदा वाचतात. खरा इलाज प्रकाशयोजनाकाराकडे आहे. रंगीत तालमीनंतर दहा मिनिटं मागा, तोच क्षण नटांना पुन्हा उभा करायला सांगा आणि समोरून दहा-पंधरा टक्के अंबर मिसळून घ्या.

प्रश्न : तालमीचे फोटो निर्जीव येतात. ट्यूबलाइटखाली एक फोटो पिवळा, पुढचा हिरवट. नट कॅमेऱ्याकडे बघतात. — एक वाचक, नागपूर

उत्तर : रंगाचं आधी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. १/२५० वर शटर त्या चढउताराचा एकच तुकडा पकडतं, दर फोटोत वेगळा. १/१०० किंवा १/५० ठेवा, फरक जाईल. एवढ्या वेगात फिरणारा हात धूसर येतो, म्हणून हालचाल संपते तिथे दाबा : हात उचलून झाला आहे, वाक्य संपलं आहे, समोरच्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

पण हे ओळखायला नाटक माहीत हवं. वाचनाच्या तालमीलाच जा आणि संहितेची एक प्रत मागून घ्या. उभ्या तालमी सुरू झाल्या की समासात पेन्सिलीने खुणा करा. उदाहरणार्थ, 'पान २३, आई डाव्या विंगेतून, पत्र हातात, मुलगा पाठमोरा.' दोन अंकी नाटकाला अशा वीसेक खुणा पुरतात. प्रकाश बसला की प्रत्येक खुणेशेजारी आयएसओ लिहा. प्रयोगात तुम्ही क्षणाची वाट बघत असता, त्याच्या मागे धावत नसता, आणि फोटोत तेवढा एकच फरक सगळ्यात जास्त दिसतो.

नट कॅमेऱ्याकडे बघतात कारण तुम्ही पाहुणे आहात. पहिले दोन दिवस कॅमेरा मांडीवर ठेवून नुसते बसा. दिग्दर्शक आणि नट यांच्या मध्ये उभे राहू नका. आणि जवळून काढताना एक सांभाळा : ५० मिलिमीटर, एफ १.८, अंतर तीन मीटर असेल तर जेमतेम वीतभर खोलीच स्पष्ट येते. डोळे नीट, पुढे केलेला हात धूसर. तालमीत एफ ४ बरा.

प्रश्न : मोबाइलवर भागेल का? — एक वाचक, लातूर

उत्तर : तालमीत चांगलं भागेल. प्रयोगात फक्त संपूर्ण रंगमंचाच्या फोटोसाठी. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस-एक्स्पोजर लॉक होईल. मग उजेड खाली ओढा. झूम करू नका.

प्रश्न : संस्थेने माझे फोटो न विचारता जाहिरातीत वापरले. हक्क कुणाचा? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : संस्थेने मोबदला देऊन काढवून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पहिला हक्क संस्थेचा. हौसेने, विनामोबदला काढले असतील तर तो साधारणपणे तुमचा. पुढच्या वेळी आधीच दोन ओळी लिहून घ्या : कोण, कुठे वापरणार आणि खाली नाव कुणाचं. आणि संस्थेला चारशे फोटो देऊ नका. चाळीस निवडा, आणि त्या चाळिसांत निरोप्याचं काम करणारा नटही एकदा तरी येऊ द्या.