परदेशात कार्ड अडकलं तर?

प्रश्न : ताई, मागच्या दिवाळीत दुबईला हॉटेलच्या काउंटरवर माझं क्रेडिट कार्ड चाललंच नाही. लिमिट शिल्लक होतं, ॲपमधून इंटरनॅशनलही चालू केलेलं. नंतर कळलं, बँकेने मेसेज करून विचारलं होतं पण इथलं सिम मी घरीच काढून ठेवलेलं. आता आईबाबांना घेऊन बँकॉकला चाललोय. नवरा म्हणतो सगळी कॅशच नेऊ. काय करावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : सगळी कॅश नका नेऊ. पाकीट गेलं की कॅश गेलीच, कार्ड निदान दोन मिनिटांत ॲपवरून बंद करता येतं.

दुबईत जे झालं ते असं, की तुमचं कार्ड एरवी कोथरूडच्या किराणा दुकानात नाहीतर पेट्रोल पंपावर चालणारं, आणि अचानक परदेशातून मोठ्या रकमेची मागणी आली, मग बँकेच्या सिस्टीमला शंका आली, तिने व्यवहार थांबवून तुम्हाला विचारलं आणि उत्तर आलं नाही. दमूनभागून काउंटरवर उभं असताना संताप होतो हे अगदी मान्य, पण ही शंका घेणं गरजेचंच आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला तेव्हा बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, एकूण फटका ९४ कोटींच्या वर.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं, बँकेला तुम्ही सापडल्या पाहिजेत. रजिस्टर्ड नंबरचं सिम फोनमध्येच ठेवा, त्यावर रोमिंग घ्या, डेटा तिथल्या सिमचा वापरा. निघण्याआधी बँकेला तारखा आणि देश कळवा. कार्डाच्या मागे परदेशातून फोन करायचा नंबर असतो तो वहीत लिहून घ्या, कारण कार्ड हरवलं तर नंबरही त्याच्याबरोबर जातो. दुसऱ्या बँकेचं एक कार्ड वेगळ्या बॅगेत असू द्या, आणि थोडे बाथ, म्हणजे तिथलं चलन, हातात ठेवा, फुटपाथवरच्या गाड्यांवर तेच चालतात.

दुकानातलं मशीन कधीकधी विचारतं, रुपयात की बाथमध्ये? बाथच म्हणा. रुपयाचा आकडा ओळखीचा वाटतो खरा पण त्यात बहुतेक वेळा वाईट रेट लावलेला असतो. आणि हॉटेलवाले डिपॉझिट म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात, त्याचा मेसेज आला की लगेच फ्रॉड समजून घाबरू नका, आधी रिसेप्शनला विचारा.

परत आल्यावर ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल बंद करा, हे लोक हमखास विसरतात. परदेशी वेबसाइटवर बऱ्याचदा ओटीपी लागतच नाही, नुसता कार्ड नंबर चोरीला गेला तरी पुरतं.

आणि खरंच न केलेला व्यवहार दिसला तर सुट्टी संपायची वाट बघू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, बाहेरच्या कुणी केलंय, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून तीन वर्किंग डेजमध्ये कळवलं तर तुमच्यावर एक रुपयाही येत नाही, चार ते सात दिवसांत कळवलं तर ठराविक मर्यादेपर्यंतची रक्कम तुमच्या माथी येऊ शकते, त्यापुढे बँकेचं धोरण काय असेल ते. पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचंच. त्यामुळे तिकडे असताना ‘मॅडम, कार्ड ब्लॉक झालंय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर सरळ कट करा आणि वहीतल्या नंबरवर स्वतः फोन लावा. आईबाबांनाही हे निघण्याआधी नीट बसून सांगा.