सेक्टर वाचला, तरी बफरमध्ये शून्यं: मॅप करताना दिशा कुणाची धरायची

तुमची अडचण थोडक्यात अशी: यूईएफआयसाठी (संगणक सुरू करणारं फर्मवेअर) लिहिलेला एएचसीआय (साटा डिस्क कंट्रोलरचा) ड्रायव्हर 2 जीबी रॅमच्या बोर्डवर सेक्टर बरोबर वाचतो. तोच 16 जीबीच्या बोर्डवर चालवला की कंट्रोलर काम पूर्ण झाल्याचं कळवतो, एरर काहीच नाही, पण बफरमध्ये नुसती शून्यं. रॅमवर संशय घेऊ नका. तुमच्या कोडमध्ये वाचनासाठी मॅपला (डिव्हाइससाठी बफरचा पत्ता देणारं यूईएफआयचं फंक्शन) बसमास्टररीड ही दिशा दिलीय, गोची तिथे आहे.

ही नावं डिव्हाइसच्या बाजूने ठेवलेली आहेत. बसमास्टररीड म्हणजे डिव्हाइस मेमरीतून वाचणार. डिस्कवरून वाचताना डिव्हाइस मेमरीत लिहितं, म्हणून तिथे बसमास्टरराइट हवं.

मग 2 जीबीवर कसं चाललं? तिथे बफर 4 जीबीच्या खालीच होता, त्यामुळे मॅपने तोच पत्ता परत दिला आणि दिशा चुकल्याचं कुणाला कळलंच नाही. 16 जीबीवर बफर 4 जीबीच्या वर गेला. ड्युअल अ‍ॅड्रेस सायकलचं अ‍ॅट्रिब्यूट चालू नसेल (म्हणजे 4 जीबीच्या वरचे पत्ते वापरायची परवानगी नसेल), तर मॅप 4 जीबीच्या खाली एक तात्पुरता बफर घेतं आणि त्याचा पत्ता डिव्हाइससाठी देतं. रीड सांगितलं तर तुमचा मजकूर आधी त्यात उतरवतं. राइट सांगितलं तर अनमॅपच्या (मॅप मोडण्याच्या) वेळी त्यातला मजकूर तुमच्याकडे परत आणतं. तुमच्या बाबतीत शून्यं तिकडे उतरली, कंट्रोलरने त्यांच्यावर खरा डेटा लिहिला आणि अनमॅपने तो बफर तसाच सोडून दिला. डेटा आला होता, तुमच्यापर्यंत पोचला नाही.

खात्री करायची असेल तर मॅपनंतर होस्टचा पत्ता आणि डिव्हाइसचा पत्ता, दोन्ही छापून पाहा. आयओएमयू (डिव्हाइसचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) चालू असेल तर ते एरवीही वेगळे असू शकतात. म्हणून पॉइंटरची किंमत थेट रजिस्टरमध्ये टाकायची सवय आत्ताच मोडा. डिव्हाइसला फक्त मॅपने दिलेला पत्ता द्यायचा.

दिशा बदलल्यावरही एक गोष्ट उरते: तुम्ही बफर अनमॅपच्या आधी तपासताय. काम संपल्यावर आधी फ्लश (डिव्हाइसने लिहिलेलं मेमरीत पोचवणं), मग अनमॅप, आणि त्यानंतरच बफरला हात लावा. शिवाय मॅपमधून परतल्यावर बाइट्सची संख्या पुन्हा बघा. मागितल्यापेक्षा कमी मॅप झालेलं असू शकतं. तसं झालं तर काम तुकड्यांत करावं लागतं.

कमांड लिस्ट (कंट्रोलरला द्यायच्या कामांची यादी) आणि रिसीव्ह्ड एफआयएस (डिस्ककडून आलेली उत्तरं पडायची जागा) यांचं गणित वेगळं. त्या जागा प्रोसेसर आणि कंट्रोलर एकाच वेळी वापरतात, त्यामुळे मधल्या कॉपीने भागत नाही. त्या पीसीआय आयओच्या (मॅप ज्यातलं आहे तो प्रोटोकॉल) अलोकेटबफरने घ्या आणि बसमास्टरकॉमनबफर म्हणून मॅप करा. तुम्ही अलोकेटपूल वापरलंय. त्यात फक्त 8 बाइटच्या सीमेची (पत्त्याला 8 ने भाग जाण्याची) हमी असते. कमांड लिस्टला 1 केबीची सीमा लागते (32 हेडर, प्रत्येकी 32 बाइट) आणि रिसीव्ह्ड एफआयएसला 256 बाइटची. अलोकेटबफर 4 केबीची पानं देतं, म्हणजे तो प्रश्नच मिटतो.

कंट्रोलरच्या क्षमता सांगणाऱ्या कॅप रजिस्टरचा 31वा बिट 1 असेल तर त्याला 64 बिटचे पत्ते चालतात. मग ड्युअल अ‍ॅड्रेस सायकल चालू करा, म्हणजे फुकटची कॉपी वाचेल. पण अलोकेटबफरच्या आधी. बिट 0 असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक, कारण यात माझे बरेच दिवस गेलेत. माझ्या एका नेटवर्क ड्रायव्हरची रिसीव्ह रिंग (येणारी पॅकेट्स घ्यायचे बफर) एक्झिटबूटसर्व्हिसेसनंतरही (ऑपरेटिंग सिस्टमकडे ताबा जातो तो टप्पा) चालूच राहिली होती. ती मेमरी आता ऑपरेटिंग सिस्टमची झालेली, आणि कार्ड येणारी पॅकेट्स तिच्यात लिहीत बसलेलं. क्रॅश दर वेळी नव्या ठिकाणी व्हायचा. तेव्हा एक्झिटबूटसर्व्हिसेसच्या इव्हेंटमध्ये डिव्हाइसचा डीएमए (मेमरीत थेट लिहिणं-वाचणं) थांबवा. फक्त थांबवा, तिथे मेमरी मोकळी करू नका, मेमरी मॅप (कोणती मेमरी कशासाठी याची यादी) बदलतो.

बदल करून 16 जीबीच्या बोर्डवर चालवा आणि ते दोन पत्ते इथे टाका. तरीही शून्यंच आली तर पुढे पीआरडीटीमध्ये (कंट्रोलरला दिलेली डेटा बफरच्या पत्त्यांची यादी) काय भरलंय ते बघू.