‘यावर आधीच सगळे लिहून झाले आहे’

एम.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षातील एक विद्यार्थिनी (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) जानेवारीत कोल्हापुरातील राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशन कक्षात आली. लघुप्रबंधाचा विषय मंजूर होऊन तीन महिने झाले होते, पण एकही पान लिहून झाले नव्हते. झोप उडाली होती, मार्गदर्शकांचा फोन उचलायची भीती वाटत होती. विषय होता आनंद यादव यांच्या ‘झोंबी’तील शिक्षणाची ओढ. “सर, यावर आधीच सगळे लिहून झाले आहे,” ती म्हणाली.

ही तक्रार मी दरवर्षी ऐकतो. तिचे म्हणणे खोटे नव्हते, हे मी आधीच कबूल केले. कागलच्या या लेखकाचे १९८७ चे आत्मकथन, त्याला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार, त्यामुळे त्यावर लिहिणारे थोडे कसे असतील? मात्र बोलता बोलता लक्षात आले की तीन महिने ती पुस्तकावरची समीक्षाच वाचत होती. मूळ पुस्तक तिने सुट्टीत एकदाच वाचले होते.

वाचताना कुठे थांबलीस, एवढेच मी विचारले. बराच वेळ गप्प राहून तिने एक प्रसंग सांगितला. मुलाला पुन्हा शाळेत घालावे म्हणून आई नवऱ्याशी थेट बोलत नाही. ती मुलाला घेऊन दत्ताजीराव देसाई या गावातील वजनदार गृहस्थांकडे जाते, आणि आम्ही येऊन गेल्याचे सांगू नका, अशी विनवणीही करते. “माझ्या कॉलेजसाठी आत्यानेही असेच केले होते,” ती हळूच म्हणाली.

‘शिक्षणाची ओढ’ हे नुसते मथळ्याचे शब्द होते. ‘शिकण्याची वाट मोकळी करणारी आई उघडपणे का बोलू शकत नाही?’ हा मात्र प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर पुस्तकातच पानोपानी शोधावे लागणार होते. पंधरा दिवस समीक्षा बंद ठेवून आई जिथे बोलते आणि जिथे गप्प राहते त्या जागा वहीत उतरवायच्या, असे आम्ही ठरवले. (झोपेची तक्रार टिकली तर डॉक्टरांना दाखवायचे, हेही ठरले, तशी वेळ आली नाही.)

मार्गदर्शकांनी शीर्षक थोडे बदलून घेतले. मार्चमध्ये तिचा फोन आला, तेव्हा दुसरे प्रकरण अडलेच होते. पण तिला विचारायचे होते वेगळेच, आत्याचा उल्लेख प्रबंधात करावा का. मनोगतात जरूर कर, विवेचनात नको, असे मी सांगितले.