वाचकांचे प्रश्न : दुसरी खुर्ची आणि घरची जागा

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत उपसरपंच हा निवडून आलेल्या सदस्यांमधूनच होतो आणि झाल्यावरही आपल्या प्रभागाचा सदस्य राहतो. २०२४ मध्ये ओहायोचे सिनेटर जे. डी. व्हान्स अमेरिकेचे उपाध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा गावच्या पानठेल्यावर वाद झाला. एकाचे म्हणणे, त्यांनी आधी राजीनामा देऊनच निवडणूक लढवली असणार. दुसऱ्याचे म्हणणे, ते दोन्ही पदांवर राहू शकतात. खरे काय? (एक वाचक, ता. रामटेक, जि. नागपूर)

उत्तर : पानठेल्यावरचे दोघेही चुकले, पण दुसऱ्याची चूक मोठी आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार संघराज्याचे कोणतेही पद धारण करणाऱ्या व्यक्तीला काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) सिनेट वा प्रतिनिधिगृह यांपैकी कोणत्याही सभागृहाचे सदस्य राहता येत नाही, त्यामुळे उपाध्यक्ष झालेल्या सिनेटरला आपली जागा सोडावीच लागते. मात्र ही मनाई पद धारण करण्यास आहे, उमेदवारीस नाही. व्हान्स २०२२ मध्ये सहा वर्षांसाठी सिनेटवर निवडून आले होते, त्यामुळे २०२४ मध्ये त्यांची जागा पणाला लागलेलीच नव्हती. हरले असते तर ते मुकाट्याने सिनेटमध्ये परतले असते. जिंकल्यावर जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ओहायोच्या गव्हर्नरांनी त्या जागेवर जॉन हस्टेड यांची नेमणूक केली. ग्रामपंचायतीशी तुलना इथेच तुटते. आपला उपसरपंच सदस्यांच्या मतांवर होतो (त्या दिवशी काही सदस्य आठवडाभराच्या ‘सहली’वरून थेट जीपमधून पंचायतीच्या दारात उतरतात, हे वाचकांना सांगायला नको), तर अमेरिकेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्या जोडीला मिळून मत पडते आणि जोडीदार कोण, हे व्यवहारात अध्यक्षपदाचा उमेदवारच ठरवतो.

खरा पेच पुढे आहे. सिनेटरची मुदत नेमकी त्याच वर्षी संपत असेल तर काय? तेव्हा त्याला एक तर घरची जागा सोडून द्यावी लागते, किंवा एकाच मतपत्रिकेवर दोन पदांसाठी उभे राहावे लागते. याला परवानगी आहे की नाही, हे त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते. टेक्सासने १९५९ मध्ये आपला निवडणूक कायदा बदलला तो मुख्यतः लिंडन जॉन्सन यांच्या सोयीसाठी, आणि १९६० मध्ये जॉन्सन सिनेटवरही निवडून आले आणि उपाध्यक्षपदीही. सोय झाली खरी, पण ती त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाला महागात पडली. सिनेटची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी मे १९६१ मध्ये जी निवडणूक झाली, तीत जॉन्सन यांनी काही महिन्यांपूर्वीच हरवलेले रिपब्लिकन उमेदवार जॉन टॉवर निवडून आले, आणि गृहयुद्धोत्तर पुनर्रचनेच्या काळानंतर टेक्सासला पहिला रिपब्लिकन सिनेटर मिळाला.

त्याच कायद्याचा लाभ १९८८ मध्ये टेक्सासचेच लॉइड बेंटसन यांना झाला, मात्र उलट्या दिशेने. उपाध्यक्षपदाच्या लढतीत इंडियानाचे तरुण सिनेटर डॅन क्वेल यांची जोडी जिंकली, पण बेंटसन सिनेटची जागा राखून परतले आणि १९९३ मध्ये अर्थखात्याचे मंत्री झाले. २००८ मध्ये डेलावेअरचे जो बायडन दोन्हीकडे जिंकले. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनचे पॉल रायन उपाध्यक्षपद हरले, पण प्रतिनिधिगृहाची जागा त्यांनी राखली आणि २०१५ मध्ये ते त्या गृहाचे सभापती झाले.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलके वाटते ते कनेक्टिकटचे सिनेटर जो लिबरमन यांचे उदाहरण. २००० मध्ये तेही दोन्हीकडे उभे होते आणि स्वपक्षीयांनाच ते रुचले नव्हते, कारण ते उपाध्यक्ष झाले असते तर सिनेटची जागा भरण्याचा अधिकार त्यांच्या राज्याच्या रिपब्लिकन गव्हर्नरांकडे गेला असता. त्या निवडणुकीनंतर सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे बरोबर ५०-५० सदस्य झाले. म्हणजे अध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर आणि लिबरमन जिंकले असते, तर त्यांच्या पक्षाला दुसरी खुर्ची मिळून सभागृह हातचे गेले असते. लिबरमन यांनी पक्षापेक्षा स्वतःचा विमा आधी उतरवला, असे माझे मत आहे. अर्थात जोडी हरली आणि त्यांचा विमा कामी आला.

याच्या उलट वागल्या त्या न्यूयॉर्कच्या जेराल्डिन फेरारो. प्रमुख पक्षाकडून उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळालेल्या त्या पहिल्या महिला. १९८४ मध्ये त्यांनी क्वीन्सची प्रतिनिधिगृहातील जागा सोडून ती लढत दिली, हरल्या, आणि नंतर १९९२ व १९९८ मध्ये सिनेटसाठी प्रयत्न करूनही पक्षाची उमेदवारी त्यांना मिळाली नाही.

दोन डगरींवर पाय ठेवण्याची ही चाल आपल्याला परकी नाही, आणि रामटेकच्या वाचकाला तर नाहीच नाही. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत पी. व्ही. नरसिंह राव आंध्रातील हनमकोंडा आणि आपले रामटेक अशा दोन ठिकाणी उभे होते. हनमकोंड्यात ते हरले आणि रामटेकने त्यांना लोकसभेत पाठवले. फरक इतकाच की आपल्याकडे ही दोन पदे नसतात, एकाच सभागृहाच्या दोन जागा असतात, आणि १९९६ पासून त्यांची मर्यादाही दोनवर आणली गेली आहे.

प्रश्न : सिनेटरला मत असते, भाषण करता येते, समित्यांवर वजन असते. उपाध्यक्षाला नुसते पीठासीन व्हायचे असते. मग हा खटाटोप कशासाठी? (एक शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : आपला संशय जुना आहे, पहिले उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनीही पत्नीला लिहिलेल्या पत्रात या पदाच्या क्षुल्लकपणाबद्दल तक्रार केली होती. उपाध्यक्ष सिनेटचा पीठासीन अधिकारी असतो, परंतु समसमान मते पडली तरच त्याला मत देता येते. तरीही हे मत क्वचितचे समजू नये : कमला हॅरिस यांनी आपल्या चार वर्षांत ते ३३ वेळा वापरले आणि जॉन कॅल्हून यांचा ३१ चा जुना विक्रम मोडला.

पण मुख्य ओढ वेगळी आहे. आजवर नऊ उपाध्यक्ष मध्येच अध्यक्ष झाले, आठ अध्यक्षांच्या मृत्यूमुळे आणि एक राजीनाम्यामुळे. मिसुरीचे सिनेटर हॅरी ट्रुमन १९४४ मध्ये रूझवेल्ट यांचे जोडीदार म्हणून निवडून आले आणि उपाध्यक्षपदी जेमतेम ८२ दिवस राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी सिनेटचे कामकाज आटोपून ते प्रतिनिधिगृहाचे सभापती सॅम रेबर्न यांच्या खोलीत गप्पांना गेले, तिथे व्हाइट हाउसला ताबडतोब फोन करण्याचा निरोप होता, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. गेराल्ड फोर्ड यांनी तर हे पद मागितलेच नव्हते म्हणावे लागेल. ते प्रतिनिधिगृहातील अल्पमतातील पक्षाचे नेते होते; १९७३ मध्ये उपाध्यक्ष अ‍ॅग्न्यू यांनी राजीनामा दिल्यावर अध्यक्ष निक्सन यांनी त्यांचे नाव सुचवले, दोन्ही सभागृहांनी संमती दिली, आणि पुढच्याच वर्षी निक्सनही गेले.

आपल्या पंचायतीसारखी, म्हणजे सदस्यांनीच दुसरा माणूस निवडण्याची पाळी मात्र अमेरिकेत एकदाच आली. १८३६ मध्ये केंटकीचे रिचर्ड जॉन्सन यांना निर्वाचकांची (अध्यक्ष-उपाध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची) १४७ मते मिळाली, बहुमताला एकच कमी, कारण व्हर्जिनियाच्या २३ निर्वाचकांनी त्यांना मत देण्याचे नाकारले. तेव्हा फेब्रुवारी १८३७ मध्ये सिनेटने मतदान घेतले आणि फ्रान्सिस ग्रेंजर यांच्याविरुद्ध जॉन्सन ३३ विरुद्ध १६ मतांनी निवडून आले.

प्रश्न : आपल्या उपराष्ट्रपतींना आमदार मत देतात का? आणि महाराष्ट्राच्या कुणा खासदाराने ही निवडणूक लढवली आहे का? (एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : नाही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदार असतात, उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत फक्त संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य, नामनिर्देशितही. उमेदवारीसाठी खासदारकी सोडावी लागत नाही. निवडून आल्यास पद ग्रहण करण्याच्या दिवशी ती जागा आपोआप रिकामी झाल्याचे मानले जाते.

महाराष्ट्राचे ठळक उदाहरण सुशीलकुमार शिंदे यांचे. सोलापूरचे खासदार असताना २००२ मध्ये ते भैरोसिंह शेखावत यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी हरले, पण सोलापूरची जागा त्यांच्याकडेच राहिली. ती गेली पुढच्या वर्षी, ते जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाल्यानंतर. आणि सोलापूरच्या पोटनिवडणुकीत, टेक्सासप्रमाणेच, विरोधी पक्षाचा म्हणजे भाजपचा उमेदवार निवडून आला.