गोळ्या नियमित घेऊनही आईचा स्तनाचा कॅन्सर पुन्हा का वाढला?

तुम्ही पाचोऱ्याहून विचारलंय: आईचा स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरलेला होता, लेट्रोझोल आणि पाल्बोसिक्लिब (पेशींची विभागणी रोखणारी गोळी) या गोळ्यांवर अडीच वर्षं ती घरचं सगळं करत होती, आता पेट स्कॅनमध्ये नव्या जागा दिसल्या. डॉक्टर म्हणतात औषध लागू पडेनासं झालंय, नातेवाईक म्हणतात पथ्य मोडलं, वांगं खाल्लं. खरं काय?

वांग्याचा काहीही संबंध नाही. भरीत-भाकरीने कॅन्सर उलटत नाही. हे आईला आजच सांगा, ती मनातल्या मनात स्वतःला दोष देत असेल. मी डॉक्टर नाही, चोपड्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझ्या मोठ्या जाऊबाई याच आजारातून गेल्या, तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे. आजारी बाईलाच तिच्या आजाराचा दोष दिलेला मला सहन होत नाही.

आईचा कॅन्सर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर वाढणारा आहे. त्या पेशींत इस्ट्रोजेनसाठी एक रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारं प्रथिन, असतो. इस्ट्रोजेन त्याला चिकटलं की त्याचा आकार बदलतो आणि पेशीला विभागण्याचा हुकूम जातो. पाळी गेल्यावरही शरीर, मुख्यतः चरबीत, थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. लेट्रोझोल ते बनणं बंद करतं. मग इस्ट्रोजेन नसताना गाठ वाढते कशी?

याचं एक मोठं उत्तर २०१३ मध्ये मिळालं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधले डॉ. शरत चंदरलापटी रुग्णही तपासतात आणि स्वतःची प्रयोगशाळाही चालवतात. त्यांच्या गटाने पसरलेल्या, इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या कॅन्सरच्या ८० रुग्णांच्या गाठींची जनुकं तपासली. त्यातल्या १४ जणींत ईएसआर१ या जनुकात, म्हणजे रिसेप्टर बनवणाऱ्या जनुकातच, बदल सापडला. मिशिगन विद्यापीठाच्या डॉ. अरुल चिन्नय्यन यांच्या गटालाही त्याच सुमारास हेच दिसलं. हा बदल झालेला रिसेप्टर इस्ट्रोजेनशिवायच ‘चालू’ स्थितीत अडकून राहतो. म्हणजे तुमच्या आईची लेट्रोझोल तिचं काम आजही करत असेल, शरीरातलं इस्ट्रोजेन खाली असेल, पण त्या पेशींना आता त्याची गरजच उरलेली नसेल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला होता. ‘शरीराला औषधाची सवय झाली’ हे आपण किती सहज बोलून जातो! सवय शरीराला झालेलीच नसते, गाठ बदललेली असते.

खानदेशात हे समजायला कापसाचं शेत पुरे. २००२ मध्ये बीटी बियाणं आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं आलं, आणि तरी २०१७ मध्ये बोंडअळीने महाराष्ट्रभर बोंडं पोखरली. बियाण्यातलं विष गेलं नव्हतं. ते पचवणाऱ्या मोजक्या अळ्या वाचल्या आणि पुढच्या पिढ्या त्यांच्याच झाल्या. गाठीतही असंच होतं. सुरुवातीच्या, कुठलंही औषध न मिळालेल्या गाठीत ईएसआर१चा बदल क्वचितच सापडतो. लेट्रोझोलसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने चालल्यावर बदललेल्या पेशी उरतात आणि वाढतात.

म्हणून तुमच्यासाठी महत्त्वाचा मुद्दा असा, की अडीच वर्षांपूर्वीचा रिपोर्ट आजच्या गाठीबद्दल सगळं सांगत नाही. चंदरलापटींच्याच गटाने २०१६ मध्ये अशी औषधं घेऊन झालेल्या ५४१ रुग्णांच्या साठवलेल्या रक्तात दोन ठरावीक ईएसआर१ बदल शोधले आणि ते २८.८ टक्के रुग्णांत सापडले. गाठीला हात न लावता, नुसत्या रक्तातून! गाठीतल्या मेलेल्या पेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात, त्यांत हा बदल वाचता येतो. यालाच लिक्विड बायोप्सी म्हणतात. अमेरिकेच्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ पासून असं सुचवलंय, की हार्मोनच्या औषधांवर असताना आजार वाढला तर ही तपासणी करावी, आणि शक्यतो रक्तातूनच.

डॉक्टरांना हे नावानिशी विचारा: ईएसआर१ आणि पीआयके३सीए (ज्यातल्या बदलाने गाठ वाढते असं आणखी एक जनुक) तपासायचे का? शक्य असेल तिथे नव्या जागेची बायोप्सी करायची का? कारण काही जणींत रिसेप्टर पुढे निगेटिव्हही होतो, म्हणजे पेशींत तो उरतच नाही, आणि मग औषधांची दिशाच बदलते. हाडातली बायोप्सी दर वेळी सोपी नसते, ते डॉक्टर ठरवतील. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात दुसरं मत घ्यायला पाचोऱ्याहून रात्रीच्या गाडीने निघालात, तर जुने रिपोर्ट, पेट स्कॅनची सीडी, बायोप्सीच्या स्लाइड आणि गाठीचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक सोबत घ्या. ब्लॉक पहिल्या लॅबमध्ये असतात, ते मागून घ्यावे लागतात. याविना परळपर्यंत गेलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांचे हेलपाटे फार होतात.

ईएसआर१ सापडला तर पुढे वाट आहे. फुलवेस्ट्रंटचं इंजेक्शन हा रिसेप्टरच मोडतं, मात्र काही बदलांपुढे त्याचा जोर कमी पडतो. एलासेस्ट्रंट ही त्याच कामाची गोळी, जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत खास ईएसआर१ बदललेल्या रुग्णांसाठी मंजूर झाली. तिच्या चाचणीत आजार थोपून राहण्याचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) ३.८ महिने होता, तर आधीच्या पद्धतीच्या औषधांवर १.९. फार मोठा फरक नाही, हे तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं. पण पाल्बोसिक्लिबच्या वर्गातल्या गोळ्या वर्षभर किंवा जास्त चाललेल्या रुग्णांत हाच काळ ८.६ महिने निघाला, आणि तुमची आई त्याच गटात बसते. पीआयके३सीए सापडला तर अल्पेलिसिबसारखं औषध असतं, पण ते साखर बरीच वाढवतं. आईला मधुमेह असेल तर हे आधीच सांगा.

पाल्बोसिक्लिबला दाद न देण्याची कारणं निराळी आहेत. पेशीविभागणीला लगाम घालणारं आरबी१ जनुक निकामी झालं तर ही गोळी चालत नाही. चंदरलापटींच्या गटाने २०१८ मध्ये ३४८ रुग्णांच्या गाठींवरून फॅट१ हे आणखी एक जनुक दाखवून दिलं. त्यावर नेमकं औषध अजून हाती नाही.

गोळ्या कधी चुकल्या होत्या का, हे डॉक्टर विचारतीलच. खरं ते सांगा, पण घरात त्यावरून आईची झडती घेऊ नका. आणि नवं औषध ठरेपर्यंत जुनी गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

हाडांत आजार आहे म्हणून आणखी एक सांगते. पाठीत नवी, रात्री वाढणारी कळ आली, पाय लटपटायला लागले, मुंग्या आल्या किंवा लघवी अडली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, एमआरआय होईल अशा मोठ्या दवाखान्यात न्या. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आला असेल तर पाय वाचवायला काही तासच हातात असतात.