टेक्सासला निघण्याआधी

चि. हिला,
अनेक आशीर्वाद.

टेक्सासला बदली झाली हे कळलं. ‘माझं शिक्षिकेचं लायसन्स तिथे चालेलच ना’ असं विचारलंयस. चालेल, पण एकच वर्ष. दुसऱ्या राज्याचं स्टँडर्ड, म्हणजे शिकवण्याचं पूर्ण, सर्टिफिकेट असलं की टेक्सास एज्युकेशन एजन्सी कागदपत्रं तपासते आणि एक वर्षाचं सर्टिफिकेट देते. तेवढ्या मुदतीत तिथल्या परीक्षा पास व्हायच्या. ‘रेसिप्रॉसिटी आहे की’, म्हणजे एका राज्याचं लायसन्स दुसरं मानतंच, असं सगळे सांगतात, त्यावर विसंबू नकोस. नॅस्डटेक या राज्यांच्या शिक्षक-परवाना अधिकाऱ्यांच्या संघटनेचा करार आहे खरा, पण कुणाचं काय मानायचं आणि वर काय मागायचं, हे प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं.

तपासणीचा निकाल आला की नीट वाच. तू आधी दिलेली एखादी परीक्षा त्यांच्या परीक्षेशी जुळली, तर तिच्यातून सूट मिळते. उरलेल्यांपैकी पहिली ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत देऊन टाक. नवी शाळा, नवा अभ्यासक्रम, पालकसभा, यात डिसेंबर कधी उजाडतो कळत नाही. प्राथमिकच्या वर्गांना तर वाचन कसं शिकवायचं याची परीक्षाही वेगळी आहे, आणि माझ्या मते खरा अभ्यास तिलाच लागतो.

बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतील, कुरकुर करू नकोस. नावाकडे मात्र लक्ष दे. आपल्याकडच्या बायकांचं हे नेहमीचं दुखणं: ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेवर, माहेरचं आडनाव, मधे वडिलांचं नाव, आणि लायसन्सवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला अर्जासोबतच तयार ठेव.

आणि जुन्या राज्याचं लायसन्स सोडू नकोस. रिन्यूअलची फी जिवावर येते, पण भर. 2023 पासून शिक्षकांसाठी आंतरराज्य कॉम्पॅक्ट, म्हणजे काही राज्यांचा आपसातला करार, सुरू झालाय, त्यातल्या राज्यांत जाणं सोपं पडतं. पण तात्पुरतं सर्टिफिकेट त्यात धरतच नाहीत. उद्या परत कुठे हलायचं झालं, तर जुनंच उपयोगी पडेल.

अनुभवाच्या वर्षांवर पगार ठरतो, म्हणून ‘टीचर सर्व्हिस रेकॉर्ड’चा फॉर्म सध्याच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या एचआरकडून भरून, सही घेऊन मगच निघ. जुलैत तिथे फोन उचलायलाही कुणी सापडत नाही.