खुर्ची गेली, आता मी कोण?

'इतकी वर्षं एकाच खात्यात गेली, आता बाहेर माझी किंमत काय?' पणजीत माझ्याकडे हा प्रश्न घेऊन बँकेतले अधिकारी येतात, शिक्षक येतात, बोटीवरची नोकरी संपवून कायमचे घरी आलेले तारवटीही येतात. या वेळी उत्तर एका निवृत्त राजदूतांच्या अनुभवातून देते. त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांना इथे भाई म्हणू. मूळचे फोंडा तालुक्यातले. साठाव्या वर्षी निवृत्त होऊन वडिलोपार्जित घरी परतले. अशा अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खासगी नोकरी धरायची तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. भाईंनी ती मागितली नाही, वर्ष काढलं. तेच वर्ष जड गेलं.

"बाय, फोन वाजायचाच थांबला," पहिल्या भेटीत ते म्हणाले.

त्यांच्या डोक्यात एस. जयशंकर होते. 1977 साली परराष्ट्र सेवेत, जानेवारी 2018 मध्ये परराष्ट्र सचिवपदावरून निवृत्त, त्याच वर्षी सरकारच्या परवानगीने टाटा समूहात, आणि मे 2019 मध्ये परराष्ट्रमंत्री. "ते कुठे, मी कुठे!" परराष्ट्र सचिव एका वेळी एकच असतो. त्याच्याशी तुलना करून बाकीच्या अधिकाऱ्यांनी स्वतःला कमी लेखावं, हे मला अजिबात पटत नाही. ती तुलना मी बाजूला ठेवायला लावली आणि म्हटलं, बायोडेटात नसलेलं एक काम सांगा, अगदी बारीकसारीक.

ते खलाशांबद्दल बोलले. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलेलं, पगार थकलेले, खलाशांत काही आपल्या सासष्टीचे. मालक एका देशातला, जहाजाचा झेंडा दुसऱ्या देशाचा, बंदर तिसऱ्याच. दूतावासाची पत्रं जात होती, उत्तर येत नव्हतं. भाई सरळ बंदरातल्या जहाज एजंटाच्या कचेरीत जाऊन बसले आणि विचारलं, "हे जहाज इथे अडकल्याने तुमचं काय नुकसान होतंय?" एजंट भडाभडा बोलला. जहाज हलावं, ही त्याचीही गरज होती. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे 2017 पासून अशा वेळी खलाशांच्या परतीची आणि चार महिन्यांपर्यंतच्या थकीत पगाराची आर्थिक हमी जहाजमालकाला ठेवावी लागते. ती हमी देणाऱ्या विमा संस्थेत नेमकं कोणाशी बोलायचं, ते त्या एजंटानेच सांगितलं. खलाशी घरी पोचले.

"यात गाडीवरच्या झेंड्याने काय केलं आणि तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "झेंड्याने दार उघडलं. प्रश्न मी विचारला."

हे दोन्ही खरं आहे. 'पदाला काही अर्थ नसतो' असं मी कोणाला सांगत नाही. दार उघडणारं काहीतरी गेलेलं असतं आणि त्याचं दुःख होणारच. मात्र प्रश्न विचारण्याची ती हातोटी निवृत्तीच्या आदेशाने जात नाही.

मग नोकरीचं. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने सल्लागारपद देऊ केलं होतं. पहिल्या सहा महिन्यांचं काम लेखी मागा, असं मी सुचवलं. उत्तरात जुन्या सहकाऱ्यांच्या ओळखींपलीकडे काही नव्हतं. भाईंनी नकार कळवला. आपल्यापैकी कोणालाही अशी ऑफर आली तर हे जरूर तपासा: त्यांना तुमचं काम हवंय की तुमची फोनची डायरी?

दुसरी कंपनी लहान, औषधं निर्यात करणारी. परदेशात नोंदणी रखडलेली, तिथल्या वितरकाशी वाद. भाई आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागले. त्यांनी वितरकाला लिहिलेलं पहिलं पत्र तीन पानांचं होतं, आणि ते होकाराचं की नकाराचं हेच कोणाला कळेना. मुलाच्या वयाचा एक्स्पोर्ट मॅनेजर म्हणाला, "भाई, रेट आणि तारीख पहिल्या ओळीत घाला." ते त्यांना फार लागलं. आमच्या पुढच्या दोन्ही बैठका यावरच झाल्या. दर तीनेक वर्षांनी गाशा गुंडाळून नव्या देशात त्यांनी कनिष्ठांकडूनच बाजारभावापासून भाषेपर्यंत सगळं शिकून घेतलं होतं, हे त्यांना तेव्हा आठवलं. आता ते मसुदा आधी त्या मुलाला दाखवतात आणि वितरकाबरोबरच्या बैठकीत त्याला शेजारी बसवतात.

वहिनींनी मात्र पहिल्याच बदलीच्या वेळी शाळेतली नोकरी सोडली होती. त्यांना आता स्वतःसाठी वेळ हवाय; पुढच्या महिन्यापासून त्या एकट्या येणार आहेत.